तीन मात्रा आधीची वाहवा

खोटं सांगत असेन तर माझी नवी कवळी वाशीच्या खाडीत पडो आणि ती घालून एखादा बोयमासा जन्मभर हसत फिरो. देवाशप्पथ, आईशप्पथ, आणि आणखी ज्या कुठल्या शपथा तुम्हाला माहीत असतील त्या सगळ्या माझ्या नावावर धरा. ह्यातला शब्दन् शब्द खरा. मागाहून कुणी म्हणायचं नाही की म्हातारीने तिखटमीठ लावलं. तिखटमीठ मी फक्त कैरीला लावते.

तर ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. वाशीत तेव्हा बिल्डिंगी कमी आणि डास जास्त. नंदकिशोर चौबळ नावाचा गृहस्थ गिरगावातली खोली सोडून, बायकोला घेऊन तिथे नव्या ब्लॉकमध्ये राहायला आला होता. ब्लॉक छान हवेशीर, पण भिंती इतक्या पातळ की शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की ह्यांच्या घरचा गॅस बंद व्हायचा. नंदकिशोर तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. बायको सुमेधा शाळेत गणित शिकवायची, म्हणजे घरात खोटं बोलायची सोय नव्हती. तरी एक खोटं त्या घरात अकरा वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होतं, आणि ते नंदकिशोरचं होतं.

झालं असं की कारखान्यातले मोठे साहेब रिटायर होऊन मुलाकडे परदेशी निघाले. जाताना त्यांनी नंदकिशोरला रेकॉर्ड फिरवायचं मशीन आणि कपाटाएवढाले दोन स्पीकर देऊन टाकले. मधली पेटी, ॲम्प्लिफायर, तेवढा दिला नाही, कारण तो साहेबांनी स्वतःच दुरुस्त करता करता जाळला होता. आता ॲम्प्लिफायर म्हणजे काय, तर रेकॉर्डवरची सुई जे बोलते ते मुंगीचं कुजबुजणं. त्या मुंगीचा हत्ती करून स्पीकरच्या तोंडी देणारी पेटी. ती नाही तर बाकीचं सगळं मुकं. सहा महिने ते दोन स्पीकर हॉलमध्ये बोलणी फिसकटलेल्या व्याह्यांसारखे समोरासमोर गप्प उभे होते. एकाच्या डोक्यावर फुलदाणी, दुसऱ्याच्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे.

सुमेधा रोज म्हणायची, ॲम्प्लिफायर घेऊ. नंदकिशोर रोज म्हणायचा, बघू. गाण्यासाठी जेवण सोडणारा माणूस, आणि हे एवढं का टाळतो हे तिला कळेना. का टाळत होता ते मी सांगते, पण त्यासाठी अकरा वर्षं मागे अलिबागला जावं लागेल.

अलिबागला नंदकिशोर मुलगी बघायला गेला होता. मुलगी म्हणजे ही सुमेधाच. तिचे वडील भगवानराव पोस्टमास्तर आणि गाण्याचे वेडे. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. पोहे झाले, शिक्षण काय, नोकरी कुठे, सगळं विचारून झालं, आणि अप्पांच्या मित्रांनी त्यांचा तो झाकणात स्पीकर असलेला जुना रेकॉर्ड प्लेयर उघडला. दादरला एका मोठ्या गवयाची मैफल झाली होती, तिची रेकॉर्ड नुकतीच निघाली होती. गवयाचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं माझ्याच भाजीवाल्याकडे येतात. बागेश्री छान रंगात आली आणि मध्येच श्रोत्यांतून कुणीतरी जोरात ओरडलं, "वाऽऽ."

खोलीत शांतता झाली. अप्पा खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटायला लागले. मित्र एकमेकांकडे बघून मिशीत हसले. नंदकिशोरला वाटलं, ही शांतता म्हणजे आदर. समोर मुलगी बसलेली, गणितात पहिली आलेली, बघण्यासारखी. आणि आपल्याकडे दाखवायला काय, तर मागे सरकत चाललेलं कपाळ. त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "ती वाहवा माझी."

आता ती मैफल झाली त्या आठवड्यात नंदकिशोर गिरगावात गालगुंडाने पडला होता. पेज प्यायला तोंड उघडत नव्हतं, तिथे वाहवा कुठली देतो. पण अप्पा ताडकन उठले, त्याला मिठी मारली, तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाले, ठरलं. पत्रिका बघितली नाही, घराणं विचारलं नाही. परत येताना बोटीत नंदकिशोर मनाशी म्हणत होता, काय रसिक माणूस आहे.

लग्नानंतर चारेक वर्षांनी त्याला गाण्यातलं खरोखरचं थोडं कळायला लागलं आणि मग त्याला घाम फुटला. बघा, तालात सम म्हणून एक जागा असते. ताल फिरून फिरून तिथे येतो, गवई तिथे बरोब्बर उतरतो आणि मग लोक वाहवा करतात. आधी नाही. आधी करणं म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना उठून पंगतीला बसणं. रेकॉर्डमधली ती वाहवा समेच्या तीन मात्रा आधी पडली होती. त्या ओरडण्याने तबलजी दचकला होता आणि त्याचा ठेका क्षणभर लंगडला होता. म्हणजे नंदकिशोरने खोटं बोलून अंगावर घेतलं होतं ते दुसऱ्याचं गाढवपण.

आणि अप्पा कुठे गप्प बसतात. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, चार लोक जमले की ह्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, हे आमचे जावई, त्या बागेश्रीतली ती वाहवा ह्यांची बरं का. जाणकार मंडळी नंदकिशोरकडे अशी कीव करून बघायची जसं काही त्याला एक पाय नाही.

अप्पांच्या त्या जुन्या प्लेयरची एक सोय होती. त्यात माणूस आणि बेडूक एकाच आवाजात बोलायचे, त्यामुळे ती वाहवा कुणाचीही म्हणून खपायची. चांगल्या ॲम्प्लिफायरवर ती लख्ख ऐकू येणार आणि ती नंदकिशोरची नाही हे बायकोला कळणार. नंदकिशोरचा आवाज बारीक, फोनवर लोक त्याला "बाई, साहेबांना द्या" म्हणायचे. आणि सुमेधा म्हणजे एक उत्तर चुकलं की अख्खी वही पुन्हा तपासणारी. हे एक खोटं सापडलं तर ती अकरा वर्षांची वही उघडेल, ह्या भीतीने तो "बघू, बघू" करत होता.

पण आता बघू म्हणून भागणार नव्हतं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वास्तुशांत ठरली, अप्पा अलिबागहून येणार होते, आणि सुमेधाने जाहीर केलं की बाबांना ती रेकॉर्ड ह्या स्पीकरवर ऐकवायची. नंदकिशोरपुढे एकच वाट राहिली. ॲम्प्लिफायर घ्यायचा, पण असा वाईट घ्यायचा की त्यातून काही कळता कामा नये.

वाशीच्या बाजारात फजलचं दुकान होतं. फजल उरणचा. आठ वर्षं कुवेतला रेडिओ दुरुस्त करून परत आला होता आणि स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर जोडून विकायचा. त्याची एक रीत होती. तो गिऱ्हाइकाला मशीन दाखवायचाच नाही. गिऱ्हाइकाने घरून आपली रोजची ऐकलेली रेकॉर्ड आणायची, स्टुलावर बसायचं, आणि फजल टेबलावरच्या मशीनांवर चादर टाकून मग ती लावायचा. म्हणायचा, चकचकीत बटणं बघून घेतलेलं मशीन आणि रंग बघून घेतलेली मासळी, दोन्ही घरी जाऊन वास मारतात.

सुमेधाला ही रीत फार आवडली. ती नवऱ्याला म्हणाली, "बघण्याच्या कार्यक्रमाला अशीच चादर टाकायला हवी होती माझ्यावर."

"मग मी ऐकून पळालो असतो," नंदकिशोर म्हणाला.

"पळाला असतात तरी बोट लागलेली नसती. तुम्ही नेहमीच वेळेआधी पोचता आणि मग वाट बघता."

वेळेआधी हा शब्द नंदकिशोरला त्या वाहवेवरचाच टोमणा वाटला. तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला, पण ती पाकिटातून रेकॉर्ड काढत होती. बागेश्रीच आणली होती तिने.

फजलने चादरीखालचं पहिलं मशीन लावलं. आवाज गोड, उबदार, दुलईत गुंडाळल्यासारखा. नंदकिशोर लगेच म्हणाला, हेच. सुमेधा म्हणाली, ह्यात गवयाने गालात पान धरलंय. मग फजलने दुसरं लावलं आणि दुकानात जणू गवई येऊन बसला. त्याने श्वास घेतला तो ऐकू आला, तंबोऱ्याची एक तार किंचित उतरली होती ती ऐकू आली, श्रोत्यांत कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्या काचेच्या होत्या हेसुद्धा कळलं. सुमेधा डोळे मिटून बसली. इकडे नंदकिशोर मनातल्या मनात मात्रा मोजत होता. ती जागा जवळ आली तसा तो उठला आणि त्याने सुई उचलली.

"काय झालं?" सुमेधाने डोळे न उघडता विचारलं.

तो म्हणाला, गॅसवर दूध ठेवून आलोय की काय असं वाटलं. सुमेधा म्हणाली, दूध सकाळी मीच नासवलं. फजल दोघांकडे आळीपाळीने बघत होता. कुवेतमध्ये आठ वर्षं दुसऱ्यांची मशीनं उघडून उघडून त्याला माणसांचं आतलं पण थोडं दिसायला लागलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "चौबळसाहेब, पहिलं मशीन बरं वाटतं. दुसरं खरं सांगतं. घरी कुठलं न्यायचं ते माणसाने आपापलं बघावं."

नंदकिशोर म्हणाला, विचार करून सांगतो.

त्याच आठवड्यात अप्पांचं पोस्टकार्ड आलं. मुलीने त्यांना ॲम्प्लिफायरचं कळवलं होतं. पोस्टमास्तर माणूस, कार्डाच्या कडेपर्यंत लिहिलेलं. मजकूर असा, की चि. सौ. सुमेधास अनेक आशीर्वाद, नवं यंत्र फार भारी घेऊ नये, अति स्वच्छ आवाज कानाला बाधतो, अलिबागेतील दोन माणसांना त्यामुळे कानठळ्या बसून कायमचं नुकसान झालं आहे, आणि जुन्या रेकॉर्डी जुन्या यंत्रावरच शोभतात, जावईबापूंचाही विचार घ्यावा, ते समजूतदार आहेत. नंदकिशोरने ते कार्ड तीनदा वाचलं. सासऱ्यावर त्याचं प्रेम होतंच, आता भक्ती बसली. त्याने कार्ड फ्रिजवर उभं करून ठेवलं, सुमेधाला येता जाता दिसेल असं. सुमेधाने ते उचलून दुधाचं भांडं झाकायला घेतलं.

मग नंदकिशोर स्कूटर काढून कोपरखैरण्याला गंगारामकडे गेला. गंगाराम तिथल्या गावातला लाउडस्पीकरवाला. आसपासच्या सगळ्या हळदींना त्याचाच भोंगा. त्याचा ॲम्प्लिफायर म्हणजे लोखंडी पेटी, तिला पुढे चार बटणं, त्यातली दोन नुसती शोभेची. नंदकिशोरने विचारलं, आवाज स्पष्ट येतो का. गंगारामला तो अपमान वाटला.

"सपष्ट कशाला पायजे? हळदीला कोन ऐकाय येतंय काय? आवाज हितून निघला की ऐरोलीच्या पावन्याला कलला पायजे की कोपरखैरन्यात हळद हाय. बास."

नंदकिशोरला वाटलं, ह्याच्या पाया पडावं. पेटी त्याने दोन दिवसांसाठी मागून आणली, स्कूटरच्या मागच्या सीटवर चादरीने बांधून. जोडल्याबरोबर ती गुणगुणायला लागली, रेकॉर्ड लावायच्या आधीच. रेकॉर्ड लावली आणि बागेश्री अशी बाहेर आली की जणू गवई विहिरीत पडलाय आणि वर काढा म्हणून ओरडतोय. तबला कुठला, तंबोरा कुठला, काही पत्ता लागेना. ती वाहवा आली आणि गेली, कुणाला कळलं पण नाही. वाटलं बाहेर ट्रक मागे येतोय. नंदकिशोरच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत नव्हतं असं तेज आलं. दहा मिनिटांत समोरच्या बिल्डिंगीतून दोन बायका नटून विचारायला आल्या की हळद कुणाची आहे. सुमेधाने त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि नवऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, नवरदेव हे, पण ह्यांना अजून नवरी पसंत पडत नाहीये.

त्या गेल्यावर ती नंदकिशोरला म्हणाली, "हेच घ्यायचंय ना तुम्हाला?"

"दणदणीत आहे."

"आहे खरं. उद्या परत नेऊन द्या."

त्याने अप्पांच्या कार्डाची आठवण करून दिली. सुमेधा म्हणाली, कार्डावर साय आलीये.

त्यानंतरचे आठ दिवस नंदकिशोरने एका गोष्टीत काढले. सुमेधाने फजलकडे जाऊन दुसरं मशीन सांगून ठेवलं होतं हे त्याला कळलं होतं, म्हणजे वाहवा आता ऐकू येणार हे नक्की. मग ती झाकायची. कारखान्यात, बसस्टॉपवर, जेवताना, तो मांडीवर बोटांनी ताल धरून मोजायला लागला. बेत असा, की वास्तुशांतीला ती जागा आली की बरोब्बर त्या क्षणी हातातला कपबशांचा ट्रे सोडायचा. सोळा कप फुटले की जगातली कुठलीही वाहवा त्यात बुडेल. सुमेधाने विचारलं, हल्ली बोटं का वाजवता. तो म्हणाला, मुंग्या येतात.

रविवार उजाडला. गुरुजी पूजा सांगून नारळ घेऊन गेले. अप्पा सकाळच्या बोटीने येऊन पोचले होते. धोतर, काळी टोपी, आणि हातात तपकिरीची चांदीची डबी. ती डबी त्यांच्या हातून कधी सुटत नसे. काही बरं घडायचं असो, वाईट घडायचं असो, आधी चिमूट आणि मग नाकाने एक लांबलचक सुर्रकन ओढ. त्या दिवशी ओढण्या जरा जास्तच होत होत्या. हॉलमध्ये येऊन त्यांनी ते स्पीकर बघितले, फजलची पेटी बघितली आणि जावयाला बाजूला घेऊन विचारलं, वीज जायची शक्यता आहे का. नंदकिशोर म्हणाला, मीही सकाळपासून तेच बघतोय.

वीज गेली नाही. जेवून मंडळी हॉलमध्ये पसरली. शेजारी होते, गंगाराम होता, कारण पेटी परत नेताना त्याला आमंत्रण देणं भाग पडलं होतं, आणि फजल स्वतः वायरी जोडायला आला होता. त्याने चाचणी म्हणून आवाजाचं बटण एकदा पूर्ण फिरवलं. नुसता तंबोरा लागला, पण असा लागला की खाडीतले सगळे बगळे एकदम उडाले, बिल्डिंगीवरून एक चक्कर मारली आणि पुन्हा खाली बसले तेव्हा सुरात बसले होते. गंगारामने कानाला हात लावला आणि म्हणाला, "ह्यो भोंग्याशिवाय?"

फजलने आवाज माणसांपुरता केला आणि बागेश्री सुरू झाली.

सुमेधा पुढे बसली होती. अप्पा आरामखुर्चीत, डबी उघडी. नंदकिशोर स्वयंपाकघराच्या दारात, हातात ट्रे, त्यावर सोळा कप, ओठांत मात्रा. आलाप झाला, बंदिश सुरू झाली, ताल एकदा फिरला, दोनदा फिरला. नंदकिशोरच्या कपाळावर घाम. पाच, सहा, सात. त्याने ट्रे थोडा पुढे धरला. आठ, नऊ. आणि त्याच्याने धीर धरवला नाही. त्याने ट्रे सोडला.

वाहवेच्याही आधी सोडला, तीन मात्रा.

सोळाच्या सोळा कप फुटले. मंडळी दचकून दाराकडे वळली, सगळी एकदम गप्प झाली, आणि त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत स्पीकरमधून आधी एक लांबलचक सुर्रकन ओढ ऐकू आली, तपकिरीची, आणि तिच्या पाठोपाठ जाडजूड, घोगरी, अलिबागच्या हवेची, "वाऽऽ."

तबला लंगडला. गवई पुढे गेला. पण इकडे आता कुणी गाणं ऐकत नव्हतं. कारण अगदी त्याच वेळी आरामखुर्चीतून तशीच एक सुर्रकन ओढ निघाली होती, घाबरून ओढलेली. सगळ्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग अप्पांकडे. अप्पांनी डबी बंद केली. जुन्या प्लेयरमध्ये ती तपकीर कधी ऐकूच आली नव्हती.

फजलने हात पुढे करून आवाज कमी केला.

नंदकिशोर काचांच्या मधोमध उभा होता, अनवाणी, त्यामुळे पळताही येत नव्हतं. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की तो आवाज कुणा परक्याचा आहे. आता त्याच्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. ती सतरंजी, ते दोरे, ते मिशीतलं हसणं, तो पेढा.

"अप्पा," तो म्हणाला, "ती वाहवा तुमची?"

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी. मला वाटलं, गवई समेवर आला. नव्हता आला."

मग ते जे बोलले ते सगळं सांगत बसत नाही, थोडक्यात असं. रेकॉर्ड निघाली, मैफलीला बरोबर आलेल्या मित्रांनी गावभर केलं, आणि अलिबागमध्ये त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिकिटं विकत घ्यायला आलेली माणसंसुद्धा खिडकीशी येऊन आधी वाहवा करायची आणि मग तिकीट मागायची. मित्र तर घरी येऊन मुद्दाम तीच रेकॉर्ड लावायचे. त्या दिवशीसुद्धा मुलीला बघायला पाहुणे आलेत ह्याची लाज न बाळगता लावली. आणि तेवढ्यात गिरगावातून आलेला एक मुलगा छाती पुढे काढून म्हणतो, माझी.

"मला माहीत होतं तुम्ही खोटं बोलताय," अप्पा म्हणाले. "पण जावईबापू, तुमचा पगार, तुमचं घराणं, काही बघायची गरज वाटली नाही मला. मी म्हटलं, हा मुलगा हातचा सोडायचा नाही."

"आणि मग अकरा वर्षं प्रत्येक लग्नात माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता."

"गाव विसरायला हवं होतं ना."

गंगाराम इतका हसला की त्याला पाठीत गुद्दे मारावे लागले. शेजारीपाजारी हसले. फजल तोंड फिरवून वायरी गुंडाळत होता, पण त्याचे खांदे हलत होते. हसला नाही तो नंदकिशोर. त्याला सासऱ्याची भीती नव्हतीच कधी. तो बायकोकडे बघत होता. आता वही उघडणार.

सुमेधा केरसुणी घेऊन आली. त्याला म्हणाली, हलू नका, पाय कापेल. खाली बसून तिने त्याच्या पायाभोवतीच्या काचा गोळा केल्या, शांतपणे, एक तुकडा न सोडता. मग मान वर न करता म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"जन्मल्यापासून रोज ऐकलेला आवाज मी ओळखणार नाही होय? आंघोळीला पाणी गरम मिळालं तरी बाबा तसेच ओरडतात. वेळेआधीच. अंगावर तांब्या पडायच्या आत."

अकरा वर्षं, नंदकिशोर म्हणाला, अकरा वर्षं मी जीव मुठीत धरून जगलो, आणि तू बोलली नाहीस. आणि मुळात मी खोटारडा आहे हे बघण्याच्या दिवशीच कळलं होतं तर हो कशाला म्हणालीस.

सुमेधा उठली. केरभरणं हातात, डोळ्यांत ते गणिताचं उत्तर बरोबर आलेलं हसू.

"अहो, त्याआधी चार मुलं बघून झाली होती. एकेकाचं ऐकून घ्या, सगळी बरोबर. कुणाचं कधी काही चुकलेलंच नाही. आणि तुम्ही आलात ते दुसऱ्याची चूक न मागता स्वतःच्या अंगावर घेऊन बसलात. मी म्हटलं, संसाराला ह्याच्याइतका सोयीचा माणूस मिळायचा नाही."

नंदकिशोर हिशेब लावायला लागला. खारट झालेली आमटी, कारण मीठ त्याने जागेवर ठेवलं नव्हतं. हरवलेली गॅसची पावती, नासलेलं दूध, चुकलेली गणपतीची बोट. अकरा वर्षांत घरात जे जे बिघडलं होतं ते सगळं त्याच्याकडून बिघडलं होतं, आणि त्याने प्रत्येक वेळी मान डोलावून मान्य केलं होतं, कारण आपण एका मोठ्या खोट्याचे गुन्हेगार आहोत असं त्याला वाटत होतं.

"आणि दूध?" त्याने विचारलं. "दूध तू नासवलंस म्हणून कबूल केलंस त्या दिवशी, फजलच्या दुकानात."

"जीभ घसरली," सुमेधा म्हणाली. "ते पण तुम्हीच नासवलं होतं."

अप्पांनी चिमूट ओढली आणि फजलला म्हणाले, आता झालंच आहे तर ती जागा पुन्हा एकदा लाव बाबा, मला नीट ऐकू दे. फजलने सुई मागे नेली. ह्या वेळी खोलीतल्या सगळ्यांनी श्वास धरला, आणि ती जागा आली तेव्हा अप्पा, गंगाराम, शेजारी आणि काचांतून सुटून आलेला नंदकिशोर, सगळे एका आवाजात ओरडले, वाऽऽ. समेच्या तीन मात्रा आधी. सुमेधा एकटी गप्प राहिली, तीन मात्रा थांबली, आणि सम आल्यावर हळूच मान हलवून म्हणाली, वा.

झाली गोष्ट. बगळ्यांचं तेवढं मी आपल्या पदरचं घातलं. त्या दुपारी खाडीला भरती होती, बगळे नव्हतेच तिथे.